थोरलीची तपासणी

विमा कंपनीचे तपासनीस येणार म्हणून माझ्या बायकोनं सकाळपासून घर असं घासून काढलं, जणू सोयरीक ठरवायला पाहुणे येणार होते. पडदे बदलले, थोरलीचा शर्ट कडक इस्त्री करून ठेवला आणि औषधांच्या बाटल्या कपाटाच्या तळाशी दडवल्या.

"अगं, ते औषधंच बघायला येतायत," मी म्हटलं.

"तुम्ही गप्प बसा. परक्या माणसासमोर आजारपण मांडून बसायचं असतं का?"

थोरली म्हणजे आमची मोठी मुलगी. प्रवासी विमानाची कॅप्टन. मी गवंडी, उभा जन्म थापी आणि ओळंब्यात गेला. माझ्या पोटची पोर ढगांच्या वरून माणसं नेते, हे सांगताना माझा आवाज आपोआप चढतो, त्याला इलाज नाही. पण गेल्या वर्षी तिच्या डाव्या कानात दुखणं निघालं. मधूनच कान वाजू लागतो आणि जग गरगर फिरतं. कधी महिनाभर काही नाही, कधी एकाच दिवसात दोनदा. वैमानिकांच्या डॉक्टरांनी तिचा आरोग्याचा दाखला काढून घेतला. दाखला नाही म्हणजे विमान नाही आणि विमान नाही म्हणजे पगार नाही. धाकटीचं शिक्षण तर सगळं तिच्याच जिवावर चाललेलं.

अशा वेळेसाठीच वैमानिक विमा काढून ठेवतात. तिचे विम्याचे कागद मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. वाचायला उशिरा शिकलो, त्यामुळे ओळी गाळायची सवय लागली नाही. त्यात सरळ म्हटलं होतं की दुसरं कुठलंही काम जमत असलं तरी चालेल, पण विमान चालवता येत नसेल तर निवृत्तीच्या वयापर्यंत दरमहा रक्कम देऊ. फक्त आमचा माणूस येऊन खात्री करून जाईल. हे सगळं ठीक होतं. पण वर ठळक अक्षरांत नाव होतं, 'दीर्घकालीन अपंगत्व विमा', आणि तो एक शब्द बायकोच्या घशाखाली उतरत नव्हता. "आमच्या घरात अपंग कुणी नाही," असं ती भांडी घासताना भांड्यांनासुद्धा सांगायची.

तपासनीस आले. वयस्कर, केस विरळ, जिना चढून धाप लागलेली. पाणी पिऊन त्यांनी फाइल उघडली.

"मॅडम, हल्ली कसं वाटतंय?"

"उत्तम," थोरली म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. मग लक्षात आलं. वैमानिकाची दरवर्षी तपासणी होते आणि जास्तीचा एक शब्द दाखल्याच्या आड येऊ शकतो. त्यामुळे समोर फाइल उघडली की या मंडळींच्या तोंडून 'उत्तम'शिवाय काही निघत नाही. सवय हाडात मुरलेली.

"चक्कर येते?"

"अधूनमधून. किरकोळ."

"जिना चढता?"

"चढते."

बायकोला चेव आला. "चढते काय साहेब, धावते. परवा माळ्यावरची पेटी हिनंच खाली काढली."

पेटी कुणी काढली होती ते माझ्या कमरेला ठाऊक होतं. तपासनीस लिहीत चालले होते आणि मायलेकी मिळून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत होत्या. मी खाकरलो.

"ह्यांना खोकला झालाय," बायको म्हणाली. "घरात आजारी म्हणाल तर हेच एक."

तपासनिसांनी चष्मा वर केला. "मग मॅडमचा दाखला का काढून घेतला?"

"डॉक्टरांचं काय घेऊन बसलात, ते ताकसुद्धा फुंकून पिणारे. पुढच्या आठवड्यात आम्हाला माझ्या बहिणीकडे जायचंय. दाखला द्या, हीच नेईल आम्हाला विमानातून. आज म्हणा, आज नेईल. काय गं?"

थोरली म्हणाली, "आई, मी नेणार नाही."

"साहेबांसमोर असं काय बोलतेस?"

"तुला आणि बाबांना बसवून मी विमान उचलणार नाही. कुणालाच बसवून नाही. साहेब, आतापर्यंतचं खोडा. मी पहिल्यापासून सांगते."

उठून तिनं कपाटातल्या बाटल्या आणल्या आणि त्यांच्यासमोर मांडल्या. मग सांगू लागली. तिचं दुखणं डॉक्टरांनी तपासणीत पकडलं, असंच आम्ही तोवर समजत होतो.

"विमान उतरत होतं, आम्ही ढगात होतो. कान वाजला आणि समोरचे आकडे डावीकडे वाहायला लागले. शेजारी सहवैमानिक होता, माझ्याहून बराच लहान. मी म्हटलं, 'विमान तुझ्याकडे.' तो म्हणाला, 'विमान माझ्याकडे.' आमच्यात हे मोठ्यानं बोलावंच लागतं, म्हणजे विमान कुणाच्या हातात आहे याचा घोळ होत नाही. मग मी हात मांडीवर ठेवले. त्यानं सुरेख उतरवलं. लोक बाहेर पडताना मलाच थँक्यू म्हणत होते."

"मग तक्रार कुणी केली?"

"कुणीच नाही. तो म्हणाला, 'मॅडम, तुम्ही जेवला नसाल.' तेवढ्यावर मिटलं असतं. त्याच संध्याकाळी मी डॉक्टरांना फोन केला."

तपासनिसांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मला एक बघावं लागेल. एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाची बोटं लावून उभ्या राहा. हात छातीशी, डोळे बंद. मी बाजूलाच आहे."

मी उठलो. "बाबा, बसा," ती म्हणाली. "पडू दे मला."

तिनं डोळे मिटले. भिंत कललेली मला लांबून कळते, पण पोटची पोर कलताना पाहणं निराळं. आधी खांदा गेला, मग कंबर. तिनं डोळे उघडून तोल सावरला नाही. डावीकडे गेली ती सरळ तपासनिसांच्या हातांत.

बायकोनं नजर वळवली नाही. थोरलीला खुर्चीत बसवलं, तिचा शर्ट सारखा केला आणि वळून विचारलं, "काय लिहिणार?"

"विमान चालवण्यास असमर्थ."

"आणि अपंग?"

"तो शब्द लिहावाच लागतो, काकू."

"लिहा. पण खाली हेही लिहा, की विमान हिच्याकडून कुणी काढून घेतलं नाही. हिनं आपल्या हातानं दिलं."

"त्याला रकाना नाही."

"मग समासात लिहा. जागा आहे की."

त्यांनी समासात लिहिलं, आणि चांगल्या अक्षरात लिहिलं. विम्याचा दावा पुढे मंजूर झाला.

पण त्या दिवशी ते गेल्यावर बायको हळूच म्हणाली, "अहो, भर ढगात 'मला जमत नाही' म्हणायचं धाडस. हे कुणाकडून शिकली असेल?"

"तुझ्याकडून नाही, एवढं नक्की."

"तुमच्याकडून तर नाहीच नाही."

खुर्चीत थोरली डोळे मिटून बसली होती. पहिल्यांदा एकटीनं विमान उडवून घरी आली, त्या दिवशी तिच्याकडे जसे बघत राहिलो होतो, तसेच आम्ही दोघं बघत राहिलो.