सायकलची खांदशेकणी

आमची नात पायल हिचं लग्न झालं ते वर्ष दोन हजार बावीस. वैशाखात ती उमरखेडला सासरी गेली आणि ज्येष्ठात मी बैलजोडी विकली. गुडघे गेले होते, वावर बटाईनं दिलं होतं. घरात उरलो मी आणि माझी बायको तुळसा.

तुळसाला दोन वर्षांपासून दिसत नव्हतं. मनही कधी घरात असे, कधी माहेरी, झरीकडच्या जंगलात. माझा बोलण्याचा आवाज तिच्या ध्यानातून गेला होता. ध्यानात राहिली होती ती माझी सायकल. मी रोज वावरात चक्कर मारून दुपारी परत येई. सडकेवरून घराकडे उतार आहे. तिथं मी पायडल मारणं सोडायचो आणि मागच्या चाकातलं फ्रीव्हील किरकिर करत खाली यायचं. तो आवाज आला की तुळसा खाटेवर उठून बसे, पदर सारखा करी आणि म्हणे, "आले का?" मग आम्ही जेवायचो. मी आल्याशिवाय ती जेवत नसे. डोळे गेले, ही सवय राहिली.

पोळ्याच्या आठ दिवस आधी मागचं चाक डुगडुगू लागलं म्हणून सायकल बोरी अरबला फुलचंदच्या दुकानात टाकली. त्यानं चाक खोललं, छर्रे बदलले, फ्रीव्हील काढून पुन्हा बसवलं. सायकल चांगली चालली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गावात घरोघरी खांदशेकणी चालू होती. ज्या खांद्यावर वर्षभर जू असतं, तो त्या दिवशी तुपाहळदीनं शेकायचा आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. माझा गोठा रिकामा. हाताला राहवेना. वाटीत तूप गरम केलं, हळद घातली, पळसाचं पान घेतलं आणि सायकलसमोर बसलो. मला वाहून नेणारं आता तेच एक जनावर होतं. हँडल शेकलं, सीट शेकली. मग वाटलं, खरा भार तर मागच्या चाकावर असतो. उरलेलं तूप फ्रीव्हीलच्या फटीत ओतलं. "आज आवतण घे, उद्या जेवाले ये," असं म्हटलं. गावावर धूर तरंगत होता, कुठंतरी घुंगरं वाजत होती, आणि सायकल श्वास घेते आहे असं मला वाटलं.

पोळा झाला आणि तिसऱ्या दिवशी उतारावर आवाजच झाला नाही. मग पायडल रिकामं फिरू लागलं, चाक जागचं हलेना. मी सायकल ढकलत घरी आलो आणि तुळसाला हाक मारली. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, यांची वाट पाहून राह्यली, हे आल्यावर जेवीन. मीच आलो आहे, म्हटलं. तिनं मान हलवली. दोन दिवस तिच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सायकल ढकलत फुलचंदकडे गेलो आणि चारचौघांत त्याला बोललो. माझं धड फ्रीव्हील तू खोललं आणि बिघडवलं, म्हणालो. फ्रीव्हील काढून त्यानं उघडलं. आत पिवळा थर गोठून बसला होता. त्यानं तो बोटावर घेतला, वास घेतला.

"श्रावणकाका, हे काय टाकलं?"

मी सांगितलं. दुकानातली माणसं हसली. फ्रीव्हीलच्या आत दोन लहान खटके असतात, दात्यांवर टकटक पडतात. दुकानवाले त्यांना कुत्ते म्हणतात. फुलचंद म्हणाला, "कुत्त्याले तूप पचते का कुठं? दोघंही जेवून झोपले पाहा." मलाही हसू आलं. पण डिझेलमध्ये धुतल्यावर एका कुत्त्याचं टोक उडालेलं दिसलं, आणि त्याचं हसणं थांबलं. हे तुपानं होत नाही, म्हणाला. मागच्या खेपेला काढताना आपलाच घाव बसला असेल, नाहीतर आधीचंच असेल, सांगता येत नाही. त्यानं दोन्ही कुत्ते नवे बसवले.

नवा आवाज पातळ होता, रातकिड्यासारखा. मी उतार उतरलो. तुळसा उठून बसली, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

"बसा पावणे. हे येतीनच आता वावरातून."

मी बसलो. झरीकडून आले का, तिनं विचारलं. मी हो म्हटलं. पावण्याला एकट्याला जेवू घालू नये म्हणून ती माझ्यासोबत चार घास जेवली.

मग रोज तसंच होऊ लागलं. मी वावरातून निघायचो आणि उतारावर पावणा होऊन घरी यायचो. ती मोहाच्या झाडांचं विचारी, नाल्याच्या पाण्याचं विचारी, केव्हाच मेलेल्या भावाचं विचारी. मी सगळ्यांची खुशाली सांगे. दारात ऊन पडलेलं असे, आणि सांगता सांगता मला वाटे, आपण खरोखरच लांबून आलो आहोत. एक दिवस ती हळूच म्हणाली, "बैल गेले त्या दिवशी हे गोठ्यात रडले. मले दिसत नाही, म्हणून यांले वाटते का मले माहीत नाही. तुमी सांगू नका."

नवऱ्याला तिनं हे कधी कळू दिलं नव्हतं. ती जेवत होती, एवढं पुरे होतं. पण ती ज्याची वाट पाहत होती तोच समोर बसून खोटी खुशाली सांगत होता. मी पुन्हा फुलचंदकडे गेलो. जुन्यातला एक कुत्ता धड होता. तो त्यानं भंगाराच्या डब्यातून शोधला, आणि दुसऱ्या जुन्या फ्रीव्हीलमधला एक झिजलेला त्याच्या जोडीला लावला. "नवं काढून जुनं लावणारं गिऱ्हाईक पहिलंच पाह्यलं, काका," म्हणाला.

उतारावर किरकिर झाली. थोडी जाड, पण ओळखीची. तुळसा उठून बसली.

"आले का? कितीक दिवस लावले."

"आलो," मी म्हटलं.

आम्ही जेवायला बसलो. दोन घास खाऊन तिनं दाराकडे कान दिला.

"पावणे नाही आले आज."

ते गावी गेले, मी सांगितलं. जेवून गेले का, तिनं विचारलं. जेवून गेले, म्हटलं. मग ती स्वस्थपणे जेवली.

तुळसा, माझी बायको, त्याच वर्षी सतरा नोव्हेंबरला, गुरुवारी सकाळी, मी घरी असताना वारली.