ओलं टोक

धनराजने बिडी सोडली ती ग्रामसभेत, माइक हातात घेऊन. खिशातलं बंडल त्याने सगळ्यांसमोर पायाखाली चुरडलं आणि त्यानंतर खरंच एकदाही बिडी ओठाला लावली नाही. स्वभावच तसा. चार माणसांत दिलेला शब्द तो जिवापाड पाळी. घरात दिलेला त्याच्या ध्यानातही राहत नसे. बिडी सोडल्याच्या आठव्या महिन्यात महिला संघटनेने त्याच्या दारावर पाटी ठोकली, 'व्यसनमुक्त घर'. खिळा धरला होता त्याच्या बायकोने, सुगंधाबाईने.

सुगंधाबाई बिडी ओढते हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून नवऱ्याची बिडी चुलीवर पेटवून आणणं तिचं काम. विस्तव धरावा म्हणून पहिला झुरका घ्यावाच लागे. मग दुसरा. तीस वर्षांत त्याच्या चार बिड्यांमागे तिची एक झाली, गोठ्यामागे. त्याने सोडली तशी घरातली बिडी संपली, तिची तलफ नाही. संघटनेच्या बायांसोबत ती दुकानं तपासायला जाई, जप्त केलेली बंडलं होळीत टाकी आणि त्यातलंच एखादं कमरेला खोची. आपण चोर आहोत हे तिला कळत होतं.

हिवाळ्यात खोकला धरला. विहिरीवरून घरी येईस्तोवर दोनदा बसावं लागे. धनराज तिला धानोऱ्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. मंगळवारी तिथे व्यसन सोडवणाऱ्या समुपदेशक साधनाताई बसत. डॉक्टरांनी दोघांना त्यांच्याकडे पाठवलं.

"घरात कोणी ओढतं का?"

"मी ओढो, मॅडम. आता सोडली," धनराज खुर्चीत सरसावून बसला. "मनात घेतलं म्हंजे घेतलं. बाकीचे लोक नुसते नाटकं करून राह्यले."

साधनाताई हसल्या. मग त्यांची नजर सुगंधाबाईच्या हातावर गेली. "बाई, बोटं पिवळी कशानं?"

सुगंधाबाईने तोंड उघडलं. तेवढ्यात धनराज म्हणाला, "हळद. सयपाक करते ना."

साधनाताईंनी कागदावर खोकल्याचं कारण 'चुलीचा धूर' असं लिहिलं. उठताना मात्र हळूच म्हणाल्या, "बाई, पुढच्या मंगळवारी एकट्या या. दोनच्या आत."

बसमध्ये सुगंधाबाई खिडकीकडे तोंड करून बसली होती. 'हळद' तो इतक्या चटकन म्हणाला होता की तिला विचारावंच लागलं.

"कधीपासून मालूम हाय तुमाले?"

धनराजने समोरच्या सीटचा दांडा धरला. "पयलेपासून. तू बिडी पेटवून आणे, तिचं टोक ओलं राहे."

"मंग बोलले काऊन नाई?"

"बाईमाणसाले काय बोलाचं? पाटी लागली हाय घराले."

"मले सोडाची हाय. एकटीनं नाई जमत."

उतरताना तिची पिशवी त्याने घेतली.

मंगळवारी ती धुतलेलं लुगडं नेसून फाट्यावर आली. पारावर धनराज चार जणांत बसला होता. जंगू म्हातारा म्हणाला, "कुठी चालली बाई, इतकी नटून? धनराज, लक्ष ठेव रे."

सगळे हसले. तिने धनराजकडे पाहिलं. या वेळी तरी त्याने गप्प राहावं, एवढंच तिला हवं होतं.

"माहेरी चालली," धनराज म्हणाला. "भावजय बिमार हाय."

धानोऱ्याची बस आधी आली. चौघांच्या देखत ती पुढून निघून गेली. मग उलट दिशेने मुरुमगावची आली, माहेराकडची. सुगंधाबाई तिच्यात चढली. परतीची गाडी चारला होती; साधनाताईंची वेळ दोनपर्यंत.

भावजय आशाबाई अंगणात वाळलेली मोहफुलं निवडत होती. ठणठणीत होती. नणंदेला खोकताना पाहून तिने पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. "काऊन आली" असं विचारलं नाही. मग नेहमीसारखी चुलीजवळ गेली, बिडी पेटवली, एक झुरका घेतला आणि आणून तिच्या हातात दिली.

"घे बाई. इथी कोणी पायत नाई."

बिडीचं टोक ओलं होतं. सुगंधाबाईने ती बराच वेळ नुसती धरून ठेवली. विझायला आली तेव्हा ओठाला लावली.