सातवी फळी

सुताराच्या कारखान्यातली सगळ्यात सरळ, बिनगाठीची फळी डिंकाचा डबा ठेवायला वापरली होती. जायची होती चरात, बसली होती दोन विटांवर!

गोष्ट अशी. घरांच्या मागं पाणथळ रान, सात मालकांचं, आणि मधून एक चर. उन्हाळ्यात चर पाणी ओढून नेतो, रान खडखडीत वाळतं, वणव्याची भीती. म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं, ज्यानं त्यानं आपल्या हद्दीत चराला फळी लावायची, पाणी अडवायचं. सातही फळ्या सुतारानंच केल्या. सहा बसवून दिल्या. स्वतःची राहिली. त्याचा तुकडा सगळ्यात खालचा, आणि ओल्या रानात ओंडक्यांचा टेम्पो रुततो ना!

शेजारचा तुकडा आणि घर धाकट्या बहिणीचं. ती रोज कुंपणावरून विचारायची, "दादा, फळी? माझ्या फळीखालचं रान वाळत चाललंय."

"लावतो गं. सहा लागल्यात ना? एका फळीवाचून काय आभाळ कोसळतंय?"

"तुझं 'लावतो' माहितेय मला. माझ्या लग्नातलं कपाट अजून यायचंय. पोरगी शाळेत जायला लागली!"

एका दुपारी वरच्या तुकड्याची मालकीण आली. सगळे तिला काकूच म्हणायचे. जन्म नर्सच्या नोकरीत गेला, आता रानाचा ताप बघत फिरायची. हातात लांब लोखंडी सळई. जमिनीत खुपसायची, थोडं थांबायची, उपसून टोकाला हात लावायची.

"सुतारा, भुसा कुठं जाळलास?"

"त्याला झाले तीन आठवडे. वर दोन बादल्या पाणी ओतलं, काकू. राख गार होती."

"वरची गार होती. चल, दाखव."

सुतार हसतच निघाला. जमिनीवर काळा गोल होता. काकूनं सळई खुपसली. गार.

"बघा! उगाच जीव खाता."

काकू बहिणीच्या कुंपणाकडे पाच पावलं गेली, तिथं खुपसली. कोमट. अजून पाच पावलं, आणि टोक धरताच तिनं सळई हातातून टाकूनच दिली! तळहातावर लाल पट्टा.

"ही माती नाही रे बाबा. कुजलेली पानं, मुळं, थरावर थर. ओली असली तर स्पंज, वाळली की सरपण. तू फळी लावली नाहीस, सरपण वाळवलंस, आणि वर शेकोटी केलीस. विस्तव खाली उतरलाय. आता चालत सुटलाय."

"कुठं?"

काकूनं कुंपणाकडे बोट केलं.

धूर नव्हता. नुसता वास, करपलेल्या केसांसारखा. पायाखालची जमीन गादीसारखी दबत होती. एकही पाखरू ओरडत नव्हतं. कुंपणापलीकडे झाडाला बांधलेल्या झोपाळ्यावर भाची झोके घेत होती.

"मामा, बघ किती उंच!"

सुतार किंचाळला, "उतर! पळ! घरात पळ!"

मामाचा असला आवाज पोरीनं कधी ऐकला नव्हता. उडी टाकून पळाली. पायरीवर पोचते न पोचते तोच झाड आडवं! वारा नाही, कुऱ्हाड नाही. हिरवंगार झाड, झोपाळ्यासकट! बुंध्याखाली मुळंच उरली नव्हती. कोळसा होता. खड्ड्यातले निखारे श्वास घेतल्यासारखे लाल होत होते, काळे होत होते.

बहीण धावत आली. पोरीला छातीशी धरलं, भावाकडे नुसतं बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

सुतार पळाला. डिंकाचा डबा लाथेनं उडवला, फळी खांद्यावर घेतली, चरात उतरला. घाईत फळी दोनदा उलटी लागली. अखेर बसली. पण अडवणार काय? चर कोरडा ठणठणीत!

"काकू, माझ्याकडे थेंब नाही."

"आमच्याकडे आहे की," काकू म्हणाली आणि हाका मारत वर गेली.

अग्निशमनवाले आले. म्हणाले, ही आग पाइपानं विझायची नाही, रानच बुडवायला हवं. तोवर वरच्या मालकांनी एकेक करून सहाही फळ्या उपसल्या. सगळ्या उन्हाळ्यासाठी जपलेलं पाणी! त्यांच्यातला शिंपीदादा वरून ओरडला, "स्वतःची लावली नाहीस, आमची मात्र अशी ठोकलीस की निघता निघेना!" हसलं कुणीच नाही. पाणी आलं, जमिनीत शिरलं, आणि अख्खं रान सापासारखं फुत्कारलं.

नऊ दिवस जमीन गरम होती. सुतार रोज सकाळी सळई घेऊन जायचा. खुपसायचा, उपसून टोकाला हात लावायचा.

दहाव्या दिवशी त्यानं बहिणीचं कपाट पोचवलं. तिनं कपाटाचं दार उघडूनसुद्धा बघितलं नाही. विचारलं, "आज जमीन गार होती?"

"होती. उद्या परत बघतो."

मंडळी, कागदावर रानाचे सात तुकडे असतील, विस्तवाला खाली एकच रान सापडलं. "माझ्या एकट्यानं काय होतंय" म्हणून तुमच्याकडेही एखादी फळी पडून असेल. त्यावरचा डबा आजच खाली ठेवा!