परकरातला वारा

आमच्या घरात तीन पिनांचा, अर्थिंग असलेला प्लग एकच होता आणि तो देवाच्या खोलीत होता. देवाची खोली म्हणजे आमची बाहेरचीच खोली. भोरमध्ये एसटी डेपोच्या मागच्या आळीत आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. पुढच्या खोलीत कोनाड्यात देव, कोनाड्याशेजारी खिडकी आणि खिडकीखाली टेबलावर धनाजीभावजींचा कॉम्प्युटर. स्वयंपाकघरातल्या प्लगवर लावला की त्याच्या डब्याला हात लावताच झिणझिण्या यायच्या. म्हणून देव आणि यंत्र एका भिंतीला आले होते.

भावजी माझे धाकटे दीर. विंझरला शेती होती, पण त्यांचं मन तिथं नव्हतं. पुण्यात त्यांनी ॲनिमेशनचा कोर्स केला आणि परत येऊन हा कॉम्प्युटर घरीच जोडला. सोबतीला शाकिर होता. बाजारात त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दोघं पुण्याला जायचे, तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक बाजारातून एकेक भाग आणायचे आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरून जोडत बसायचे.

त्या वर्षी पुण्याच्या एका स्टुडिओनं भावजींना सांगितलं होतं, की तुम्ही स्वतः केलेली एक छोटी फिल्म सीडीवर आणून दाखवा, मग बघू. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी द्यायची होती. इकडे आमच्या ह्यांनी शिरवळच्या एका कारखान्यात भावजींसाठी हेल्परच्या जागेचा शब्द टाकून ठेवला होता. फिल्म झाली तर पुणे, नाहीतर दसऱ्यानंतर शिरवळ, असं दोघा भावांत ठरलं होतं. हे एसटीत कंडक्टर. एकदा ठरलं की ते पुन्हा बोलत नसत.

फिल्म एसटीचीच होती. भोर स्टँडातून लाल गाडी सुटते, नीरेच्या पुलावरून जाते आणि वेल्ह्याच्या रस्त्याला लागते. दोनच मिनिटांची. पण त्या दोन मिनिटांत हजारो चित्रं असतात, आणि प्रत्येक चित्रात ऊन कुठून येतं, सावली कुठं पडते, काचेत काय दिसतं, हे यंत्र मोजत बसतं. भावजींनी उसनवारी करून नवा प्रोसेसर बसवला, मेमरी वाढवली, तरी हिशेब जमेना. चालू वेगानं फिल्म दिवाळीला झाली असती.

घटस्थापनेच्या दिवशी सासूबाई विंझरहून आल्या. गुडघ्यांमुळे गावच्या घरी त्यांना घट बसवणं होईना, म्हणून ते आमच्याकडे आले होते. मी घट मांडला, माती पसरली, धान्य पेरलं, तिळाच्या तेलाचा नंदादीप लावला. तो नऊ दिवस विझू द्यायचा नाही. माझे नऊही दिवस उपवास असतात आणि सकाळ-संध्याकाळ पाठ असतो. सोबतीला दिव्याकडे लक्ष.

त्याच दुपारी शाकिर आला. बाहेरच्या नळावर पाय धुऊन मग तो आत यायचा. नवरात्रात त्यानं हा नेम स्वतःच घालून घेतला होता. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि दोघं त्यात डोकं घालून बसले.

"काय करतुयास रं?" सासूबाईंनी विचारलं.

"मावशी, ह्याचा वेग वाढवतोय. कारखान्यात एक वेग ठरवून देतात, पण ह्याच्यात दम जास्त असतो. आकडा बदलला की तेच यंत्र जोरात पळतं. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात."

"म्हंजी चाबूक मारायचा."

"तसंच समजा."

"पळंल. पण धापा बी टाकंल."

"टाकतंच," शाकिर हसला. "तापतं. म्हणून तर धन्याला म्हटलं, एक पंखा लागंल."

आणि झालं तसंच. वेग वाढवला, चित्रं भराभर तयार व्हायला लागली, आणि थोड्या वेळानं पडदा आहे तसा गोठला. माऊसचा बाण हलेना. प्रोसेसरवर ॲल्युमिनियमचा पट्ट्यापट्ट्यांचा ठोकळा असतो आणि त्यावर छोटा पंखा. तो ठोकळा हात लावता येणार नाही इतका तापला होता. मग डब्याचा एका बाजूचा पत्रा काढला आणि आमचा टेबलफॅन उघड्या बाजूकडे तोंड करून ठेवला.

दिव्याची ज्योत लगेच आडवी झाली.

"अगं बया! रत्ना, दिवा!"

मी पदर आड धरला. मग कंदिलाची काच काढून दिव्यावर बसवली आणि पंखा जरा फिरवून ठेवला. ज्योत काचेत थरथरायची, पण विझत नव्हती. कॉम्प्युटरही चालत होता. तडजोड बरी वाटली. सासूबाई मात्र दिवसभर पुटपुटत राहिल्या, "देवाला लुगडं न्हाई अन् डब्याला पंखा."

चार माळा झाल्या तोवर सगळं ठीक होतं. वीज जायची तेवढा वेळ यंत्र थांबायचं, आली की पुन्हा सुरू. झालेली चित्रं जपलेली असायची. भावजी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघून मान हलवायचे. पण पाचव्या माळेपासून ते पुन्हा गोठायला लागलं. सहाव्या दिवशी तर तासात दोनदा. बाहेर ऑक्टोबरचं ऊन होतं, पण आधीपेक्षा जास्त नव्हतं. पंखा चालू होता. भावजींनी वेग एक पायरी उतरवला, मग आणखी एक. त्यानं ते स्थिर झालं.

संध्याकाळी हे ड्यूटीवरून आले, तेव्हा भावजी दारातच बसले होते.

"दादा, शिरवळला सांग. मी येतो म्हणून."

"का? झाली न्हाई?"

"ह्या वेगानं न्हाई व्हायची."

ह्यांनी तिकिटांची पेटी खाली ठेवली आणि पाय धुवायला गेले. मी चहा ठेवला. भावजींनी तो घेतला नाही. मला त्यांचं शिरवळला जाणं वाईट वाटत नव्हतं. काम कुठलंही कामच. पण इतके दिवस ते जे करत होते ते अर्धं राहणार, हे मला सहन होईना. धरलेलं व्रत मधेच सोडल्यावर माणसाचं काय होतं, ते मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाकिर दुकान उघडायच्या आधी आला. म्हणाला, बंद करून ठोकळा काढून बघतो, मला काही हे पटत नाही. त्यानं छोटा पंखा सोडवला आणि ठोकळा उजेडात धरला. पट्ट्यांच्या मधल्या फटी काळ्या चिकट थरानं भरल्या होत्या. त्यानं बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"वहिनी, हे बघा."

मी वास घेतला. तिळाचं तेल. बोटावर जी काजळी आली होती, तीच मी रोज सकाळी दिव्याच्या काचेवरून पुसत होते.

"म्हणजे वारा लागून दिवा थरथरतो," शाकिर सांगत होता, "थरथरला की धूर सोडतो. तो धूर पंखाच उचलून ह्याच्यात घालतो. तेलकट, वर धूळ बसते. ह्याला श्वासच घेता येईना."

"पंखा बंद केला तर तापंल, चालू ठेवला तर गुदमरंल," भावजी म्हणाले. "सोड शाकिर."

ह्यांनी चपला घालता घालता चाचरत विचारलं, "आई, दिवा नुसता स्वयंपाकघरात... दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न..."

"घटी बसल्याला देव हलवत्यात व्हय?" सासूबाई कडाडल्या. "तुज्या गाडीत बसल्याला मानूस तू मधीच घाटात उतरवतोस का?"

"तिकीट नसलं तर उतरवतो."

"माज्या देवाचं तिकीट हाय!"

शाकिर हसू दाबत ठोकळा पुसायला लागला. हे निघून गेले. भावजींनी दिव्याचं नाव काढलं नव्हतं, तेव्हा नाही आणि नंतरही नाही. कुणी म्हटलं असतं तरी मी दिवा हलवला नसता. पण पाठाला बसले तर मन पाठात लागेना. दिव्याला वारा नको आणि यंत्राला वारा हवा; एकाच खोलीत हे कसं जमवायचं? त्याला त्याचा वेगळा वारा मिळाला पाहिजे, एवढंच सुचत होतं.

पाठ संपवून मागच्या दारी धुणं वाळत घालायला गेले. दोरीवर परकर टाकला, नाडीच्या बाजूनं चिमटा लावला, आणि वाऱ्याची एक झुळूक त्याच्या घेरातून शिरली. परकर गोल फुगला, आडवा झाला, आणि वारा नाडीकडच्या तोंडातून माझ्या हातावर आला. इकडेतिकडे कुठं नाही. फक्त तेवढ्या तोंडातून.

मी धुण्याची बादली तिथंच ठेवली.

माझ्या ट्रंकेत एक नवा परकर होता, दसऱ्याच्या साडीखाली नेसायला शिवून आणलेला. अजून अंगाला लागला नव्हता, म्हणून देवाच्या खोलीत चालला असता. मी तो काढून बाहेर आणला.

"भावजी, पंखा खिडकीत ठेवायचा. बाहेरचा वारा आत ओढंल असा. पंख्याच्या जाळीला परकराचा घेर बांधायचा आणि नाडीकडचं तोंड डब्यात. वारा कापडातूनच जाईल. दिव्याला कळणारसुद्धा नाही."

भावजींनी परकराकडे पाहिलं, मग शाकिरकडे, आणि कानापर्यंत लाल झाले.

"वहिनी... परकर?"

"नवा आहे."

"तसं न्हाई हो..."

"धन्या, लाजतोस काय?" शाकिर उठलाच. "कापड म्हण त्याला. वहिनी, डोकं चालवलंत. बाहेरचा वारा, म्हणजे थंड पण आणि धूर पण नाही."

सासूबाई भिंतीला टेकून बघत होत्या. "आमच्या टायमाला परकर न्हवताच. म्हनून आमच्याकडं कंप्युटर चालला न्हाई," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "नाडी नीट ववून घे. सुटली तर गावात त्वांड दावायला जागा न्हाई ऱ्हायची डब्याला."

घेर पंख्यापेक्षा मोठा होता, तो मी चुण्या घालून टाचला. जाळीच्या कडेनं सुतळीनं आवळला. दुसऱ्या टोकाला भावजींनी एका खोक्याच्या पुठ्ठ्याची चौकट कापली, डब्याच्या उघड्या बाजूवर बसवली आणि मधे भोक पाडून नाडीकडचं तोंड त्यात घातलं. कपड्यांचे चिमटे लावले. तोवर शाकिरनं ठोकळा घासून लखलखीत केला आणि टीव्हीच्या कामातली पांढरी पेस्ट प्रोसेसरवर पातळ लावून तो परत बसवला.

पंखा सुरू केला. परकर फुगून उभा राहिला आणि खिडकीपासून टेबलापर्यंत फिकट गुलाबी नळी तयार झाली. आम्ही चौघंही दिव्याकडे बघत होतो. ज्योत सरळ होती. मी काच काढून पाहिली, तरी सरळ.

शाकिरनं तापमानाचा आकडा बघितला आणि शीळ घालणार होता, पण देव आठवून थांबला. "चढव रे," तो भावजींना म्हणाला. भावजींनी वेग पुन्हा वर नेला, पहिल्या दिवशी होता तिथं.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची आणि त्या दिवशी ती वापरायची नाहीत, अशी रीत. आमचे हे तिकिटाचा पंच, सुरी, शिवणाची कात्री सगळं मांडून बसले. भावजी कॉम्प्युटरपाशी उभे होते, बंद करायला हात पुढं आणि जीव मागं. सासूबाईंनी हळदी-कुंकवाची वाटी उचलली.

"बंद कशापायी? देवाचा दिवा पुजंला थांबत न्हाई, तर ह्याला का थांबिवता? चालत्यालाच पुजा." आणि डब्याच्या वरच्या पत्र्याला एक बोट ओढून मला म्हणाल्या, "आत कुकू न्हाई गं घालत. त्वांड बघू नगंस माजं."

दसऱ्याच्या दिवशी दुपारी घट उठवला, नैवेद्य झाला आणि जेवणं चालू असतानाच भावजींनी बाहेरच्या खोलीतून हाक मारली. आम्ही हात धुऊन गेलो. पडद्यावर भोर स्टँड होता. लाल गाडी वळली, तिच्या काचेत आभाळ सरकलं, पुलावरून जाताना खाली पाण्यात तिची सावली गेली. वेल्ह्याच्या रस्त्याला लागून ती डोंगराआड दिसेनाशी झाली.

"पाटी बरोबर लिहिलीय," हे म्हणाले. त्यांच्याकडून तेवढंच.

सासूबाई पडद्याजवळ सरकल्या. "पुन्यांदा लाव." भावजींनी लावली. "आरं, गाडीत मानूस न्हाई एक. डायवर बी न्हाई!"

"माणसं करायला लई वेळ लागतो आई."

"मग कंडक्टर कशाला ठेवलाय सरकारनं?" त्या ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पुण्याच्या गाडीला हेच ड्यूटीवर होते. भावजी सीडी छातीशी धरून त्याच गाडीनं गेले. ह्यांनी त्यांना तिकीट फाडलं.

दुपारी शेजारच्या फोनवर निरोप आला. तिथल्या साहेबांनी फिल्म पाहिली, घरच्या एका मशीनवर एवढ्या दिवसांत कशी केली म्हणून विचारलं. भावजींनी खरं ते सांगितलं. साहेब हसले आणि म्हणाले, सोमवारपासून या, तीन महिने बघू.

जाण्याच्या आदल्या दिवशी भावजी कॉम्प्युटरपुढं बसले. निळा पडदा आणला आणि वेग कारखान्यानं दिला होता तिथं परत नेऊन ठेवला. पंखा उतरवला, पत्रा लावून स्क्रू घट्ट केले.

"वहिनी, मराठी टायपिंग शिकून घ्या ह्याच्यावर. लग्नपत्रिकांची कामं शाकिर आणून देईल. त्याला एवढा वेग लागत नाही."

"असू दे," मी म्हटलं, "मलाही घाई नाही."