गोळ्यांची रांग

"उतर की गं," सत्यशीला पुन्हा म्हणाली. रिक्षा सरकारी दवाखान्यासमोर थांबली होती, पण कडूबाईनं दांडा सोडला नाही.

"तितं आमच्या भावकीतला तानाजी कामाला हाय. त्यानं पाहिलं की सांजच्याला गावभर व्हईल. आपल्या दवाखान्यातूनच द्या ना ताई गोळ्या."

आपला दवाखाना आता उरलाच नव्हता. दिंद्रुडला बाहेरदेशच्या पैशावर एचआयव्हीचे उपचार देणारी संस्था गाशा गुंडाळून निघाली होती. पेशंट सरकारी दवाखान्याकडे सोपवले होते. त्यांना तिथं आणून सोडायचं, एवढंच सत्यशीलेचं काम राहिलं होतं. उद्या कडूबाईची टोळी ऊसतोडीला निघणार. आज गोळ्या घेतल्या नाहीत, तर अख्खा हंगाम ही बाई तशीच काढणार.

"घाबरायचं कशाला? आजारच हाय," सत्यशीला म्हणाली. इतकी वर्षं ती सगळ्यांना हेच सांगत आली होती. आज ते तिच्याच कानांना खोटं लागलं.

नवऱ्यामागं सत्यशीलेलाही हाच आजार निघाला होता. संस्थेच्या डॉक्टरांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. ते दार लोटून तिच्या हातात गोळ्या ठेवायचे. यापुढं गोळ्यांसाठी ती लातूरला जाणार होती, तिथं ओळखणारं कुणी नव्हतं. पोटच्या तेजश्रीलाही तिनं सांगितलं नव्हतं. पोरीला स्थळं येत होती.

ती रिक्षातून उतरली. फाटकापर्यंत गेली, माघारी वळली, उगाच पदर नीट केला आणि पुन्हा निघाली. जाऊन सरळ गोळ्यांच्या रांगेत उभी राहिली.

तानाजीनं तिला लांबूनच ओळखलं. "मॅडम, तुमी रांगेत कावून? पेशंटला घेऊन आत या की."

"पेशंट मीच हाय, तानाजी."

तो हसला. मग तिचा चेहरा पाहून "च्या सांगतो," एवढं पुटपुटून बाहेरच्या टपरीकडं गेला.

सत्यशीला रांगेत एक पाऊल पुढं सरकली. संध्याकाळच्या आत तेजश्रीला आपल्याच तोंडानं सांगायला हवं. सुरुवात कुठून करायची, काही सुचेना.

मागं बांगड्या वाजल्या. नाकापर्यंत पदर ओढून कडूबाई उभी होती. सत्यशीलेनं तिचा दंड धरून तिला आपल्या पुढं, भिंतीच्या कडेला घेतलं. फाटकातून तानाजी चहा घेऊन येताना दिसला, तशी सत्यशीला कडूबाईला झाकत मधे उभी राहिली आणि चहासाठी हात पुढं केला.