अडीचची रिगटॉप

मित्रांनो, मी ऑल्डरशॉ गावची जुनी बस आहे, आणि आधीच सांगते, मी रागावलेली आहे. संग्रहालयात येणारे लोक माझ्या हिरव्या पत्र्यावरून हात फिरवतात आणि म्हणतात, "काय दिवस होते ते!" तो हात झटकून टाकावासा वाटतो. ते दिवस कुणी घालवले, हे मला चांगले ठाऊक आहे.

इंग्लंडातल्या लँकाशायरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पिकर्सगिल कुटुंबाने मला नवी कोरी घेतली. त्यांच्याकडे आम्ही अवघ्या चार बस होतो. मालकाचा मुलगा विल्फ मला चालवायचा. बाजारचौकातून निघायचे, हॅग लेनची चढण चढायची आणि वर रिगटॉपला वृद्धाश्रमापाशी वळायचे, एवढेच माझे जग. पंचवीस वर्षे मी ती चढण कुरकुरत का होईना, पण चढले. रस्त्यात कुणी हात केला की विल्फ थांबायचा. उतरताना प्रत्येक जण त्याचे आभार मानायचा. ती इथली रीतच आहे.

अडीचच्या फेरीला डोरीन हॅलम रोज यायच्या. त्यांचे पती अर्नी वृद्धाश्रमात होते. अर्नींची स्मरणशक्ती पार गेली होती. बायकोचे नावही त्यांना आठवत नसे. पण चढणीवर माझी गुरगुर ऐकू आली की ते डोक्यावर टोपी चढवायचे आणि खिडकीत येऊन बसायचे. एवढे मात्र ते कधी विसरले नाहीत. मला त्याचा फार अभिमान होता.

मग सरकारने कायदा बदलला. कुणीही, कुठेही, कुणाच्याही पुढे बस चालवावी, अशी मोकळीक झाली. लांबच्या शहरातली एक बडी कंपनी पांढऱ्या बस घेऊन आली. माझी वेळ अडीचची, त्यांची दोन पंचवीसची! माझ्या थांब्यावरची माणसे त्या मी पोचायच्या आतच उचलून न्यायच्या. तरी निम्मी माणसे माझ्यासाठी थांबत, तेव्हा त्यांनी तिकीटच बंद केले. फुकट! मग काय, माझी एकेचाळीस आसने रिकामी.

एकदा डोरीनबाई पावसात माझी वाट बघत उभ्या होत्या. पांढरी बस आली. खिडकीतून त्यांची शेजारीण म्युरिएल ओरडली, "अगं डोरीन, चढ की! फुकट आहे. भिजतेस कशाला वेड्यासारखी?"

"जा तू. मला विल्फचीच बस बरी."

"विल्फ काय तुला चहा पाजतो का गं?"

सगळी बस हसली. पाच मिनिटांनी मी आले, तेव्हा हे सगळे डोरीनबाईंनीच सांगितले.

"बसा, मिसेस हॅलम. आज अख्खी बस तुमचीच," विल्फ म्हणाला.

"विल्फ, बाळा, टिकशील ना रे?"

"कसला टिकतोय! आणि फुकटचं जेवण रोज मिळत नसतं. आम्ही उठलो की तेही पान आवरतील, बघा तुम्ही."

वर्षही निघाले नाही. थांब्याथांब्यावर सूचना लागली की अमुक शनिवारी पिकर्सगिलची शेवटची फेरी.

आणि त्या शनिवारी, मित्रांनो, अख्खे गाव लोटले! कॅमेरे, फुले, घरी केलेले केक. माझ्या दांड्यांना फिती बांधल्या. म्युरिएल पहिल्या आसनावर बसून डोळे पुसत होती. गेले वर्षभर साध्या मंगळवारी, मी रिकामी धावत होते तेव्हा, कुठे होतात रे तुम्ही? माझा नुसता संताप झाला. मी इतकी गच्च भरले होते की हॅग लेनच्या थांब्यावर डोरीनबाईंना पाय ठेवायलाही जागा नव्हती.

विल्फ मागे वळून म्हणाला, "कुणीतरी एक जण उतरा. या बाईंना खरंच कुठेतरी जायचंय."

सगळे खिडकीबाहेर बघू लागले. शेवटची फेरी कुणाला सोडायची नव्हती. विल्फने इंजिन बंद केले आणि हाताची घडी घालून बसला. दहा मिनिटे गेली. शेवटी म्युरिएल उठली, लालबुंद चेहऱ्याने खाली उतरली आणि डोरीनबाईंना हाताला धरून वर चढवले. रिगटॉपला उतरताना चाळीस जणांनी विल्फचे आभार मानले. त्याने एकालाही उत्तर दिले नाही.

दीड महिन्यात पांढऱ्या बसचे तिकीट सुरू झाले. पुढच्या सूचनेत लिहिले होते, 'प्रवासी कमी असल्याने बस चढणीच्या पायथ्यापर्यंतच जाईल.' डोरीनबाई दोन हिवाळे ती चढण पायी चढल्या. तिसऱ्या हिवाळ्यात बर्फावर पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर म्युरिएलचा मुलगा रविवारी गाडी घेऊन आला तरच त्यांना वर जायला मिळे.

मी संग्रहालयात आले. विल्फही तिथेच येतो, मला पुसतो, तेल घालतो. वर्षातून एका रविवारी, ऑगस्टमध्ये, मला जुन्या बसच्या हौशी लोकांसाठी बाहेर काढतात. गेल्या खेपेला आम्ही हॅग लेनने निघालो, तर जुन्या थांब्यावर काठी टेकून डोरीनबाई उभ्या. खांब केव्हाच उपटून नेला आहे, तरी नेमक्या त्याच जागी. त्यांनी हात केला. विल्फने करकचून ब्रेक लावला.

"अडीच वाजले ना रे? रिगटॉप," त्या म्हणाल्या.

हौशी लोकांना गंमत वाटली. एकाने फोटो काढला. विल्फने त्याच्याकडे असे पाहिले की त्याने कॅमेरा खाली ठेवला आणि उठून जागा दिली.

मी चढण चढू लागले. इतक्या जोरात मी कधीच गुरगुरले नव्हते. वर वळले तर खिडकीत अर्नी! पार वाळलेले, पण डोक्यावर टोपी.

डोरीनबाई उतरल्या. "आभारी आहे हं, विल्फ." मग काठी टेकत मागे वळून त्यांनी विचारले, "उद्या पण अडीचलाच ना?"

विल्फ म्हणाला, "पुढच्या ऑगस्टला, मिसेस हॅलम."

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखी कुणीतरी असेल, निम्मी रिकामी, चढणीवर कुरकुरणारी. तिच्या शेवटच्या फेरीला फुले घेऊन येऊ नका. आज मंगळवार असेल आणि पाऊस पडत असेल, तर आज या. आणि तिकीट काढा.