आमोसचा दुभाष्या

“वहिनी, हे कार्ड चुकलंय. कंस उघडाच राहिलाय.” मी कार्ड उजेडाकडे धरून म्हणालो.

“म्हाईत हाय,” कृपावहिनी म्हणाल्या. “जाऊ द्या तसंच.”

मी गठ्ठा यंत्रात लावला. नागापूरच्या त्या कारखान्यात गणकयंत्र चालवायचं काम माझ्याकडे होतं आणि त्याला घालायची कार्डं भोकं पाडून पंच करायचं काम वहिनींकडे. त्यांच्याइतका साफ हात कुणाचा नव्हता. तरी शनिवारची कामं उरकली की त्या एक कार्ड मुद्दाम चुकवायच्या.

कारण होतं त्यांचा नवरा, आमोस. माझा दोस्त. यंत्राला माणसानं लिहिलेलं थेट कळत नाही. आपली आज्ञा फोडून, ती नियमात बसते का ते बघून, यंत्राच्या भाषेत उतरवणारा एक वेगळा प्रोग्राम लागतो. आमच्या यंत्रासाठी तो आमोसनं लिहिला होता आणि आमोस त्याला हौसेनं दुभाष्या म्हणायचा. चूक सापडली की असले प्रोग्राम नुसता आकडा छापतात. आमोसचा दुभाष्या मात्र बोलायचा. अक्षरं इंग्रजी, बोली घरातली. ‘सावकाश गं.’ ‘कंस कोन मिटनार, मी?’ ‘ध्यान कुठं हाय तुजं?’ कार्डं बायकोच पंच करणार हे ठाऊक असल्यानं गड्यानं सगळे टोमणे तिच्यासाठी लिहून ठेवले होते, आणि तेही कंपनीच्या पगारावर!

मग काविळीचं निमित्त झालं आणि आमोस गेला. दुभाष्या चालूच राहिला.

“कबरीपाशी जाते तर तिथं काय न्हाई,” वहिनी मला एकदा म्हणाल्या. “घरात न्हाई. ह्यांचं बोलनं फकस्त हितं ऐकू येतं मला.”

मी पारनेरकडचा, भुताखेतांच्या गोष्टी ऐकत वाढलेला, पण त्या खऱ्या मानण्याइतका खुळा नव्हे. आमोसनं आधीच लिहिलेले शब्द चूक झाली की छापले जातात, एवढंच, असं मी स्वतःला बजावायचो. पण एकदा वहिनी अंगात ताप घेऊन कामावर आल्या आणि कागदावर उमटलं, ‘घरी जा. निज जरा.’

“हेही त्यानं लिहून ठेवलेलं का?” मी हसत विचारलं.

वहिनी हसल्या नाहीत. “दुभाष्याची समदी कार्डं मीच पंच केली हायेत. ह्ये न्हवतं त्यात.”

यंत्रखोली थंड असायचीच, पण त्या दिवशी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. गठ्ठा काढून तपासणं सोपं होतं. मी तपासला नाही. वहिनी गुपचूप घरी गेल्या आणि निजल्या.

पुढं मुंबईहून मुजुमदार साहेब बदलून आले. हुशार माणूस, शिष्टपणा नाही, त्यामुळे राग धरायचीही सोय नव्हती. त्यांनी येताना एक टेप आणली होती. तिला भाषेचे नियम तेवढे सांगायचे, त्यावरून नवा दुभाष्या यंत्र आपला आपणच रचून देई. आमोसनं ज्यासाठी रक्त आटवलं होतं ते काम आमचं जेवण होईपर्यंत तयार. मला कौतुक वाटलं आणि आमोससाठी वाईटही वाटलं.

“आता जुन्या दुभाष्याची कार्डं रद्दीत द्या,” साहेब म्हणाले.

“एकदा चालवू द्या, साहेब,” वहिनी म्हणाल्या. “निरोप घेते.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे. “चालवा,” ते म्हणाले.

वहिनींनी कार्ड पंच केलं, नेहमीसारखा कंस उघडा ठेवून. मी गठ्ठा लावला. छापयंत्र घरघरलं, कागद वर सरकला आणि थांबला. कोरा. दुभाष्याला चूक सापडलीच नव्हती.

वहिनींनी कार्ड पुन्हा डोळ्यांसमोर धरलं. कंस उघडाच होता. मी पुन्हा चालवलं. पुन्हा कोरा कागद. साहेबांनी तेच कार्ड नव्या दुभाष्याला दिलं, तर त्यानं लगेच चूक दाखवणारा आकडा छापला.

“चूक तर आहे,” साहेब म्हणाले. “तुमचा जुना बिघडला असेल.”

“कालपर्यंत नीट होता,” मी म्हणालो.

वहिनी परत बसल्या आणि चुकांचा सपाटाच लावला. नको तिथं आकडा घातला, हवी ती आज्ञा गाळली, कार्डांची उलटापालट केली. बारक्या चुकीवरही खेकसणारा आमोसचा दुभाष्या सगळं मुकाट्यानं पुढं सोडत होता. कागदामागून कागद कोरा येत होता. भर दुपारी, सगळे दिवे लागलेले असताना, मला त्या खोलीत थांबवेना.

वहिनी छापयंत्राशी गेल्या. त्याच्या पत्र्यावर हात ठेवून, आम्ही दोघं तिथं नाहीच असं समजून त्या म्हणाल्या, “अवो, रागवा की माज्यावर. येकदा तरी रागवा.”

यंत्र नुसतं घरघरत राहिलं. साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. मला रडू आवरेना, म्हणून मी उगाच टेपचं कपाट उघडून बंद केलं.

“कंदी माजी चूक सोडली न्हाई ह्यांनी,” वहिनी म्हणाल्या. “आता सोडली. म्हंजी गेले.”

छगन शिपाई रद्दीचं पोतं घेऊन दारात उभा होता. वहिनींनी दुभाष्याचा गठ्ठा काढला, टेबलावर ठेवला आणि एकेक कार्ड पदरानं पुसून क्रमानं लावायला घेतलं. छगन ताटकळला. रद्दीच्या कार्डांचा कसला आलाय क्रम, असं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण साहेबांनी हातानंच त्याला थोपवलं.

“थांबा वाईच,” वहिनी म्हणाल्या. “येक कार्ड फाटलंय.”

त्या पंचिंगच्या यंत्रापुढं बसल्या आणि ते कार्ड त्यांनी नव्यानं पंच केलं. उजेडाकडे धरून पुन्हा पुन्हा तपासलं. गठ्ठ्यात त्याच्या जागी नीट बसवलं. मगच छगनला म्हणाल्या, “हां, उघडा आता पोतं.”